जगदाळेकाकांचे सोडियम

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातील आमच्या इमारतीत कोणाचे कोणी रुग्णालयात दाखल झाले, की जगदाळेकाका प्रकृतीची चौकशी करीत नाहीत. रक्ताचा अहवाल मागतात. ताप किती, खोकला कसा, रुग्ण शुद्धीवर आहे की नाही, हे प्रश्न त्यांच्या मते अडाण्यांचे. "सोडियम बोला, भिया. पोटॅशियम बोला. बाकी सब गप्पा!"

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. वैद्यकाशी त्यांच्या घराण्याचा एकमेव संबंध म्हणजे त्यांचे पणजोबा संस्थानाच्या पागेत घोड्यांना औषध पाजत. एवढ्या वारशावर काका कोणत्याही तज्ज्ञाशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. डेंगूच्या दिवसांत सारे शहर प्लेटलेटच्या मागे धावत असते, तेव्हा ते जिन्यात उभे राहून तुच्छतेने हसतात. "प्लेटलेट म्हणजे नुसती वरात. नवरदेव वेगळाच असतो." तो कोण, हे सांगायला त्यांना अर्धा तास लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरांचे झिंक कमी निघाले, तेव्हा काकांनी इतक्या गंभीर मुद्रेने त्यांच्याकडे हजेरी लावली, की सुनेने घाबरून नणंदेला पुण्याहून बोलावून घेतले. पाटणकर त्या वेळी आत कचोरी खात होते.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर माझ्या आईला डेंगू झाला. रुग्णालयात चौथ्या दिवशी ती मला "वन्सं" म्हणू लागली. सोडियम एकशे बावीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर परिणाम झाला आहे, सोडियम हळूहळूच वाढवावे लागेल, आणि पुढचे दोन दिवस काळजीचे आहेत. ती मला पुन्हा ओळखेल का, एवढेच मला विचारायचे होते. मी "बरं" म्हणाले.

तासाभरात काका वॉर्डाच्या दाराशी हजर झाले. हातात किलोभर लसणाची शेव.

"इंदुरात राहून सोडियम कमी? ताई, ही तर शहराची बेइज्जती आहे!"

आमच्याकडे कोणत्याही पदार्थावर शेव भुरभुरवतातच. काकांनी त्या सवयीला उपचाराचा दर्जा दिला होता. नर्सने पुडा काढून घेतला. "अंकल, ये पेशंट है, पोहे की प्लेट नहीं." मी संकोचाने भिंतीवरची सूचना वाचू लागले. काकांनी मात्र तिलाही मॅग्नेशियमविषयी चार शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. "सोडियम एकशे सत्तावीस. पोटॅशियम ठीक." मी पुन्हा "बरं" म्हणाले. ते वळले तोच काका त्यांच्या वाटेत उभे राहिले. आता इथे व्याख्यान होणार, म्हणून मी पुन्हा भिंतीवरच्या सूचनेकडे वळले.

"साहेब," काका म्हणाले, "माई काही बोलतात का? कोणाचं नाव घेतात का?"

डॉक्टर म्हणाले, "हो, सकाळपासून सुमाला हाका मारतायत. सुमा कोण?"

मी आत गेले. आईने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "सुमे, केस विंचरले नाहीस?"

बाहेर येऊन मी काकांना ते सांगितले. ते बाकावर बसून चष्मा पुसत होते.

"आमची ही कोविडात सोळा दिवस आत होती," ते म्हणाले. "आत जायची परमिशन नव्हती. रोज दुपारी फोन यायचा. सोडियम इतकं, पोटॅशियम इतकं. मला ओ की ठो कळायचं नाही. 'ठीक आहे जी' म्हणायचो. मग पुस्तकं आणून शिकलो." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "शेवटच्या दिवशी सगळे आकडे नॉर्मल होते, ताई. एकदम नॉर्मल. मी खूश. ती काय बोलते, हे विचारायचं सुचलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. आतून आईची हाक आली.

"जा ना," काका म्हणाले. "बोलावतायत."