दीर्घ ‘खू’ची खुर्ची

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही बढाई नाही, माझी नोकरीच ती आहे. मी सायबर सुरक्षा विश्लेषक आहे. म्हणजे नक्की काय, हे सासूबाईंना समजावण्यात माझी तीन वर्षं गेली. शेवटी त्यांनीच शेजारणीला सोप्या भाषेत सांगून टाकलं, "आमचे जावई कॉम्प्युटरचे वॉचमन आहेत." तेव्हापासून शेजारीण जिन्यात भेटली की विचारते, "काय, आज कुठली पाळी?"

खरं काम असं, की दिवसभर पडद्यासमोर बसून धोक्याचे इशारे तपासायचे. दिवसाला चारशे येतात. त्यातले तीनशे नव्याण्णव म्हणजे कुणीतरी स्वतःचाच पासवर्ड विसरलेला असतो. उरलेला एक म्हणजे आमचे मोठे साहेब. काही घडलं नाही तर लोक म्हणतात, "हा माणूस करतो काय?" आणि काही घडलं तर म्हणतात, "हा माणूस करत काय होता?"

आणि हे सगळं बसून करायचं! माझ्या खुर्चीचं एक चाक गेलेलं. हललो की ती ‘कुंई’ करते, नाही हललो तर कंबर करते. नव्या खुर्चीसाठी मी खरेदी विभागाच्या मॅडमना दोन वर्षांत सात मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही.

अशात वर्षाची परीक्षा जवळ आली. ही परीक्षा माझी नव्हे, ऑफिसची. मी सगळ्यांना एक खोटा मेल पाठवतो. त्यातल्या दुव्यावर जो बोट दाबेल, तो फसला. पडद्यावर दात विचकणारं माकड येतं, खाली ‘आपण फसलात!’ अशी पाटी. फसलेल्याने माझ्यासमोर तासभर वर्गात बसायचं. जे सुटतील त्यांना महिन्याभराने आपोआप दुसरा मेल जातो, त्याची सोय मी आधीच करून ठेवतो. संशय नको म्हणून यादीत माझंही नाव घालतो. आहे की नाही डोकं?

"पण या वेळी आमिष काय दाखवू?" मी बायकोला विचारलं.

"तुला काय हवंय?" ती म्हणाली.

"खुर्ची."

"मग तेच दाखव. निदान घरी तरी तिचं रडगाणं थांबेल!"

मी मेल लिहिला. ‘ऑफिसात नवीन खूर्ची योजना. आपली खूर्ची नक्की करण्यासाठी येथे दाबा आणि पासवर्ड टाका.’ ‘खू’ मुद्दाम दीर्घ. खोटा मेल ओळखायची पहिली खूण म्हणजे चुकलेलं शुद्धलेखन, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून शिकवतो. शिकलेला माणूस तिथेच थांबेल, असा हिशोब.

कोणीही थांबलं नाही! मेल गेल्यावर सातव्या सेकंदाला पहिलं बोट पडलं. ते मोठ्या साहेबांचं. माकड आल्यावर त्यांना वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून त्यांनी आणखी चार वेळा दाबलं. वर त्या मेलला उत्तरही धाडलं, ‘हात टेकायला रुंद जागा हवी.’

टायपिस्ट बाई माझ्या टेबलाशी आल्या. "खुर्चीतला ‘खु’ ऱ्हस्व असतो बरं का!"

मला भरून आलं. म्हटलं, एक तरी शिष्या निघाली! "मग तुम्ही दाबलं नाहीत ना?"

"दाबलं की! शुद्धलेखनापायी खुर्ची सोडू?"

सगळ्यांत कहर केला खरेदीच्या मॅडमनी. त्याही फसल्या!

"मॅडम, ऑफिसच्या खुर्च्या तुम्हीच मागवता ना?"

"हो."

"तुम्ही मागवल्या होत्या?"

"नाही."

"मग दाबलंत कशाला?"

"मला वाटलं, मोठ्या साहेबांनी मला न विचारता मागवल्या. त्यांचं नेहमीचंच आहे!"

एकसष्ट माणसांपैकी साठ फसली. उरलेला एकटा शहाणा मी. छाती फुगवून मी बैठकीत अहवाल मांडला. पडद्यावर यादी, पहिलंच नाव मोठ्या साहेबांचं, शेजारी कंसात ‘पाच वेळा’. साहेबांचे कान लाल झाले.

"फसवणूक कसली?" ते एकदम उठले. "हा मेल माझ्याच सांगण्यावरून गेला. खुर्च्या येणारच आहेत! काय हो?"

हे ‘काय हो’ मला होतं. आता वाचकहो, खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक सत्याचा.

"हो साहेब," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साठ जणांचा वर्ग माफ झाला. मीही टाळ्या वाजवल्या, कारण नाक कापलं गेलं तरी खुर्ची तर येणार होती!

तीन आठवड्यांनी खुर्च्या आल्या. काय त्यांचा थाट! पाठीला जाळी, मानेला उशी, बसलं की आवाजही नाही. मी माझी जुनी खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली आणि नवीची वाट बघत तासभर उभा राहिलो. शेवटी मॅडमना गाठलं.

"मॅडम, माझी?"

त्यांनी कागद पुढे केला. "तुमचं नाव नाही यादीत."

"कुठल्या यादीत?"

"तुमच्याच! तुम्ही बैठकीत दाखवलेली. ज्यांनी मागितली त्यांची नावं त्यात होती, तीच दिली मी कारखान्याला. तुम्ही मागितलीच नाहीत."

"मी सात मेल पाठवलेत तुम्हाला!"

"ते होय? ते मी उघडलेच नाहीत. अनोळखी मेल उघडू नका, असं तुम्हीच शिकवता ना?"

मी बाहेर गेलो आणि जुनी खुर्ची ‘कुंई कुंई’ करत सगळ्यांच्या मधून परत ढकलत आणली. साठ मूर्खांच्या बुडाखाली उशी आणि एका शहाण्याच्या कंबरेत कळ! रडूच यायचं बाकी होतं.

आठवडाभराने सकाळी मेल आला. ‘एक खूर्ची शिल्लक आहे. प्रथम येणाऱ्यास मिळेल. येथे दाबा.’

‘खू’ दीर्घ होता. मला दिसला. पाठवणाऱ्याचा पत्ताही अनोळखी होता, तोही दिसला. घाई करा म्हणणारा मेल हमखास खोटा, हे माझंच वाक्य मला तोंडपाठ होतं. पण मनात आलं, मॅडमचं शुद्धलेखन कच्चंच असणार. आणि प्रथम येणाऱ्यास म्हटलंय, तेवढ्यात टायपिस्ट बाई आल्या तर? इकडेतिकडे पाहिलं आणि दाबलं.

माकड आलं!

माझंच माकड. मीच निवडलेलं, मीच दात रंगवलेलं. सुटलेल्यांना महिन्याभराने आपोआप जाणारा, मीच लिहून विसरलेला दुसरा मेल, तो हा. सुटलेला होता कोण, तर मी! कपाळावर हात मारेपर्यंत अहवाल आपोआप मोठ्या साहेबांकडे गेलासुद्धा. ‘एकूण एकसष्ट, फसले एकसष्ट.’

साहेबांचं उत्तर लगेच आलं. ‘नियम सर्वांना सारखा. वर्ग घेण्यात यावा.’

घेतला. शिकवणाराही मी, शिकणाराही मी. शेवटी फॉर्मवर दोघांच्याही सह्या केल्या. अभिप्रायाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून खरं तेच लिहिलं : ‘शिक्षक तळमळीने शिकवतात, पण त्यांची खुर्ची फार वाजते.’