चेक अडवणारा महाभाग

“कायदा आहे, लॉरीन! अख्ख्या टेक्सासला लागू असलेला कायदा!” रॉयस टॅकेट दारातूनच ओरडत आला आणि त्या भरात टेबलावरचा थंडगार गोड चहा बायकोच्या मांडीवर सांडला.

“मग कायद्यालाच सांग हे पुसायला,” लॉरीन म्हणाली.

रॉयसचं लक्षच नव्हतं, तो हवेत होता. चर्चच्या नव्या हॉलमधल्या जिप्समच्या सगळ्या भिंती त्याने उभ्या केल्या, त्याला महिने लोटले. पण मुख्य कंत्राटदार वेंडेल प्रूइट पैशांचं नाव काढत नव्हता. इकडे रॉयसचा जुना कारागीर युसेबिओ पगार थकला म्हणून येत्या शुक्रवारी ह्यूस्टनला दुसऱ्या कामावर निघणार होता. तो गेला की रॉयसचा धंदा बसलाच म्हणून समजा. कारण रॉयसला शिडीवर चढायची भीती वाटते, हे गावात फक्त युसेबिओला ठाऊक होतं आणि उंचावरचं सगळं काम तोच करायचा.

आणि आज सिमेंटच्या दुकानात कुणीतरी त्याला हा कायदा सांगितला. मालकाने मुदतीत कंत्राटदाराला पैसे द्यायचे, ते हाती पडले की कंत्राटदाराने आठवडाभरात पोटकंत्राटदाराला द्यायचे. नाही दिले तर वर व्याज! तेही खासगी बांधकामाला! रॉयसला दुकानातच नाचावंसं वाटलं होतं.

तो तडक वेंडेलच्या ऑफिसात घुसला. “वेंडेल, माझे पैसे टाक! व्याजासकट! कायदा आहे!”

“अरे बाबा, चर्चने मलाच दमडी दिलेली नाही. घर विकून देऊ का तुला?”

“मग चर्चलाही कायदा लागू आहे की! तुझी मुदत तर कधीच उलटली!”

वेंडेल ताडकन उठला. “म्हणजे व्याज मलाही?”

“तुलाही!”

“मग इथे उभा काय राहिलायस? चल!” वेंडेलने टोपी डोक्यावर चढवली आणि आत्तापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे एकाच पिकअपमधून सख्ख्या भावांसारखे निघाले.

त्या दिवशी बुधवार होता, आणि बुधवार म्हणजे चर्चचं संध्याकाळचं जेवण. जो तो घरून काहीतरी करून आणतो. नव्या हॉलमध्ये सगळे तळलेल्या चिकनवर तुटून पडले होते. रॉयस खुर्चीवर उभा राहिला. तेवढ्या उंचीपर्यंत त्याला चालायचं.

“बंधूंनो, भगिनींनो! या भिंती बघा! घाम गाळून उभ्या केल्यात आम्ही! आणि त्यांचा चेक कुणीतरी दाबून बसलंय! देवाच्या घरात!”

“आमेन!” मागून कुणीतरी ओरडलं. रॉयसला आणखी चेव आला.

“जो कुणी असेल त्याने व्याज स्वतःच्या खिशातून भरावं! आणि वर्षभर दर बुधवारी इथली भांडी घासावीत!”

भांडी घासून घासून कंटाळलेल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. वेंडेलने अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव मंजूर झाला.

तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या खजिनदार मिस ओपल काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी पर्समधून चेक काढला.

“हा बघ. माझी सही कधीच झालीय. पण चर्चच्या चेकवर दोन सह्या लागतात, बाळा.”

“मग दुसरी सही करणारा तो हरामखोर... माफ करा मिस ओपल, तो महाभाग आहे तरी कोण?”

“तू.”

रॉयस खुर्चीवरून सावकाश खाली उतरला.

“जानेवारीच्या सभेत तुला निवडलं. एकमताने.”

“मी तर सभेला नव्हतोच!”

“म्हणूनच तर निवडलं.”

यात कुणालाच वावगं वाटलं नाही. जो सभेला नसतो त्याच्या गळ्यात काम मारायचं, ही तिथली जुनी रीत होती.

“अहो, पण मला सांगायचं तरी!”

“दर रविवारी चेक घेऊन तुझ्या बाकापर्यंत येते मी. तू तळ्यावर मासे पकडत असतोस. फोन केला तर उचलत नाहीस.”

तेही खरंच होतं. चर्चचा फोन म्हणजे फुकटात काहीतरी दुरुस्त करून द्या, हे माहीत असल्यामुळे रॉयस तो वाजला की उशीखाली दडपून टाकायचा.

त्याने मुकाट्याने सही केली.

“देवाच्या घराकडून मी व्याज घेणार नाही,” वेंडेल मोठ्या मनाने म्हणाला. “तुझ्याकडून घेईन.”

व्याज कापून का होईना, शुक्रवारी रॉयसचे पैसे आले आणि युसेबिओचा पगार झाला. युसेबिओने पिकअपमध्ये चढवलेलं सामान परत उतरवलं. रॉयसला इतका आनंद झाला की त्याने भररस्त्यात त्याला मिठी मारली.

पुढच्या बुधवारी रॉयस चर्चच्या स्वयंपाकघरात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होता. बाहेर हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. थोड्या वेळाने मिस ओपल हसत हसत आत आल्या.

“अभिनंदन, बाळा! आत्ताच सभा झाली. चर्चचं छप्पर गळतंय ना, ते दुरुस्त करायला तुला निवडलंय. एकमताने.”

“अहो, पण मी तर इथे भांडी घासत होतो!”

“हो ना, म्हणजे सभेला नव्हतास,” मिस ओपल म्हणाल्या. “शिडी मागच्या दाराशी लावून ठेवलीय.”