हात खाली येईपर्यंत

मंचावर जाण्याआधी वाद्यवृंदाच्या नव्या संचालिकेने पडद्याच्या फटीतून सभागृहात पाहिलं. घरच्यांसाठी राखलेल्या खुर्चीत सासूबाई होत्या आणि त्यांच्या शालीतून तिच्या तान्ह्या लेकीचे, चिमणीचे, दोन टक्क उघडे डोळे बाहेर बघत होते. शेजारी खुद्द वाद्यवृंदाचे अध्यक्ष. गेल्याच कार्यक्रमात त्यांनी एका माणसाला खोकला म्हणून बाहेर घालवलं होतं. हिची नोकरी कायम करायची की नाही, हे ते आज ठरवणार होते.

तिने सासूबाईंना खुणेनं बाजूच्या दाराशी बोलावलं.

"आई, तान्ह्या बाळाला इथे आणत नाहीत हो."

"मग काय करू? नवरा तुझा अजून ऑफिसात. मी गाऊन पाहिलं, तर आणखीच रडली."

दोष तिचाच होता. महिनाभर एका हाताने लेकीला थोपटत आणि दुसऱ्या हातात संचालनाची काठी धरून तिने शेवटच्या संथ रचनेचा सराव केला होता. आता त्या सुरांशिवाय चिमणीचा डोळा लागत नव्हता.

"शेजारी कोण बसलेत ठाऊक आहे का?"

"हो की. शांत आहे बिचारा. खोकतसुद्धा नाही."

तेवढ्यात घंटा झाली.

पहिली रचना युद्धाची होती. नगारेवाल्याने हात उचलला की ती डोळ्यांनी गयावया करायची. तुताऱ्यांना तर तिने असं दाबलं, की युद्ध शेजारच्या गावात चालल्यासारखं वाटलं. पाठीमागे एकदा "ऊं" झालं आणि तिच्या मानेवरून घाम ओघळला.

मग संथ रचना सुरू झाली. सभागृहाकडे तिची पाठ, पण पहिल्या व्हायोलिनवाल्या काकांना तिरकं सगळं दिसत होतं. शेवटचा सूर विरता विरता त्यांनी डोळे मिटून मान कलती केली. झोपली!

आणि तिचे हात हवेतच थांबले. संचालकाचे हात वर असेपर्यंत कोणी टाळी वाजवत नाही, हा रिवाज. हात खाली आले की हजार टाळ्या, आणि मग चिमणीचा तो टाहो. सासूबाई बाहेर पडेपर्यंत हात वर ठेवायचे, बस्स.

मागे सासूबाईंच्या सपातांची सरसर ऐकू आली. खांदे भरून आले. बासरीवाली श्वास रोखून लालबुंद झाली होती. सरसर मध्येच अडखळली. काकांचे डोळे विस्फारले. ओठ न हलवता ते पुटपुटले, "अध्यक्षही उठले."

संपलं, तिला वाटलं. मागे जड दार अलगद उघडलं, अलगद लागलं. तिने हात सोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण तिला पायाखालची फळी तेवढी दिसत होती.

आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या चिमणीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. एक पाय अनवाणी. तिने विचारायला तोंड उघडलं, तोच अध्यक्ष आत आले. चेहरा तोच, दगडी. एक हात पाठीमागे.

ती घाईने पुढे झाली. "साहेब, ते बाळ..."

अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाठीमागचा हात पुढे केला. हातात सपात होती.

"दाराशी निसटली," ते कुजबुजले. "त्यांचे हात भरलेले, म्हणून दार मीच धरलं. माझी नातही अशीच आहे, जरा खुट्ट झालं की संपलं."

त्यांनी वाकून सपात सासूबाईंच्या पायाशी ठेवली आणि चवड्यांवर दारापर्यंत गेले. तिथे वळले.

"नोकरी कायम तुमची," ते आणखी हळू म्हणाले. "फक्त आत्ता कुणी टाळ्या वाजवू नका."