रूथबाईंची लाल वही

आमच्या शाळेच्या शिस्तवहीत सगळ्यात जास्त वेळा कोणाचं नाव असेल? तुम्ही म्हणाल, एखाद्या टारगट पोराचं. नाही. रूथबाईंचं. आणि ते लिहिणाऱ्याही रूथबाईच.

वर्गात आवाज चढला, लिहिलं. तासाला दोन मिनिटं उशीर झाला, लिहिलं. एकदा सकाळच्या प्रार्थनेत त्यांना जांभई आली. बठ्ठी, म्हणजे सगळी शाळा डोळे मिटून उभी, कोणी पाहिलं नाही. मी फाटकावरून पाहिलं. आमेन झाल्याबरोबर बाईंनी लाल कापडाची ती वही काढली. लिहिताना मोठ्यानं वाचायची त्यांची सवय, त्यामुळे फाटकापर्यंत ऐकू आलं, "रूथ साळवे. प्रार्थनेत जांभई."

मी या मिशनच्या शाळेचा रखवालदार, आत्माराम. पोरं आबा म्हणतात. मूळचा भडगावकडचा, पण जळगावात या फाटकावर बसून बरीच वर्षं झाली. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरनं बिनकारणाची छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवून निघालो, तो परत गेलो नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या मी फाटकावर थांबवल्या आहेत. दुसरी शिकलेला माणूस हे लिहितोय कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. ते पुढं येईल, घाई करू नका.

रूथबाईंकडे शाळेच्या शिस्तीचं काम. उंची बेताची, अंबाडा घट्ट, पायात कॅनव्हासचे बूट. पावलांचा आवाज म्हणून नाही. पोरं म्हणायची, "बाई येत नाहीत रे, उगवतात." पर्समध्ये नेलकटर, काळ्या रिबिनी, सेफ्टी पिना आणि शर्टाची पांढरी बटणं. ज्याचं बटण तुटलं त्याला आधी रागवायच्या, मग उभ्या उभ्या बटण लावून द्यायच्या आणि दोऱ्याची गाठ मारताना पुन्हा रागवायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खरं बोल, मग बस." उशिरा आलेलं पोरगं सांगायचं, सायकल पंक्चर झाली. बाई म्हणायच्या, "खरं बोल, मग बस." पोरगं उभं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी, "झोपलो होतो, मॅडम." "बस." झालं. शिक्षा नाही, काही नाही.

वर्षाच्या सुरुवातीला पोरांकडून शपथेचा कागद भरून घ्यायच्या. खोटं बोलणार नाही, दुसऱ्याचं पाहून लिहिणार नाही, कोणाच्या जातीला, देवाला, बोलीला हसणार नाही. खाली पोराची सही, त्याखाली आईबापाची. एकदा चोपड्याकडचा एक केळीचा व्यापारी पोराला घेऊन आला. कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, पोराची सही घ्या. माझी कसाले? मी कुठं शाळेत येऊन राहिलो?"

"पोरगं घरी कोणाचं बघून शिकतं?"

"माझंच."

"मग करा सही."

"खोटं बोलणार नाही? अहो बाई, मी केळीचा धंदा करतो!"

बाईंनी थोडा विचार केला. "मग पुढं 'जमेल तेवढं' असं लिहा आणि करा."

त्यानं 'जमेल तेवढं' लिहून सही केली. तो कागद अजून फाइलीत आहे. म्हणे त्या वर्षी त्याच्या धंद्यावर जरा परिणाम झाला.

वर्षातून एकदा 'मानाचा पेपर' असायचा. वर्गात मास्तर नाही, बाई नाही. रूथबाई अंगणात निंबाखाली वर्गाकडे पाठ करून बसायच्या. पेपर झाला की पोरांनी खाली आपल्या हातानं लिहायचं, 'मी कोणाचं पाहिलं नाही, कोणाला दाखवलं नाही.' ज्याला ते लिहिता येणार नाही त्यानं जागा कोरी सोडायची. त्याला कोणी काही विचारायचं नाही, दुसरा पेपर द्यायचा.

मी म्हटलं, "बाई, बठ्ठे पाहून लिहितील."

"पाहतील. पण ती ओळ कशी लिहितील?"

मला पटलं नव्हतं. मग एका वर्षी असोद्याची एक मुलगी त्या ओळीपाशी अडली. पेपर संपून तास झाला तरी पेन धरून रडत बसली आणि जागा कोरी सोडून उठली. बाईंनी तिला एक शब्द विचारला नाही. आपला डबा उघडून समोर ठेवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा. मुलीनं रडत रडत सगळा डबा संपवला. बाई उपाशी.

आता माझ्याकडे येतो.

फाटकावरची वहीसुद्धा बाईंच्याच डोक्यातून आलेली. येणाऱ्यानं नाव, वेळ आणि कारण लिहायचं. कारण नाही तर आत नाही, मग तो कोणीही असो. शाळेचा जुना माणूस असला तरी. आणि रखवालदारानं ते वाचून मगच सोडायचं.

या 'वाचून'नं माझी पंचाईत केली. मला अक्षरं ओळखू यायची, पण जोडून वाचायला गेलो की पळायची. मी वही हातात घ्यायचो, कपाळाला आठी घालायचो, मान हलवायचो आणि सोडायचो. एकदा पुस्तकं विकणारा एक आगाऊ माणूस आला. त्यानं लिहिलं, मी आठी घातली, सलाम ठोकून आत सोडलं. दुपारी बाई वही घेऊन माझ्यासमोर उगवल्या.

"भाऊ, हे वाचलंत?"

"वाचलं की. माले बठ्ठं येस."

बाईंनी मोठ्यानं वाचलं, "कारण: रखवालदाराला वाचता येतं का ते बघायला."

मी पुन्हा आठी घातली.

"खरं बोला, मग बसा."

"मी बसेलच शे," मी स्टुलावरूनच म्हटलं.

बाईंनी माझं नाव लाल वहीत लिहिलं नाही. हळूच म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर अर्धा तास बसत जा. शिकवते." मला भयंकर राग आला. या वयात? पोरांच्या देखत? चार महिने मी बाईंशी बोललो नाही. सलाम तेवढा रोज करायचो, ड्यूटीत कसूर नको म्हणून.

बाई सुट्टीतही यायच्या. दिवाळीत, मे महिन्यात. जळगावचा मे, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि या दहाच्या ठोक्याला छत्री घेऊन फाटकावर. "काय काम?" विचारलं की म्हणायच्या, "पेपर तपासायचे आहेत," आणि वहीत लिहायच्या. मला वाटायचं, काय ते पेपर! संपता संपत नाहीत.

गेल्या वर्षी बाई रिटायर झाल्या. हार झाला, भाषणं झाली. नव्या प्राचार्यांनी लाल वही त्यांनाच देऊन टाकली. तो शनिवार. सोमवारी दहा वाजता बाई फाटकावर हजर. तेच बूट, तीच छत्री.

मी वही पुढं केली. त्यांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारणापाशी पेन थांबलं.

"काय काम, बाई?"

"काही नाही, भाऊ."

"लिहा ना, पेपर तपासायचे."

"पेपर नाहीत." बाई वहीकडेच बघत होत्या. "सुट्टीतही नव्हते. तुमच्याशी खोटं बोलत होते मी. घरी दोन खोल्या आहेत, दोन्हीत मीच असते."

कारण नाही तर आत नाही, हा त्यांचाच नियम. मी तसंच सोडलं असतं तर माझी पहिली तक्रार त्यांनीच केली असती. बाईंनी पेनाला टोपण लावलं, छत्री उघडली आणि वळल्या.

तिसरीच्या मास्तरपुढं मी वाकलो नव्हतो. भावकीपुढं नाही, साहेबांपुढं नाही.

"बाई, थांबा. माले वाचता येत नाही."

त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माहीत आहे."

"लिहिताही येत नाही. सहीपुरतं येतं. शिकवाल का?"

बाई वळल्या. मी स्टुलावरून उठून उभा होतो.

"आता बसू का?" मी विचारलं.

"बसा."

आणि त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिलं, "कारण: रखवालदाराला शिकवणे."

तेव्हापासून रोज दहा ते अकरा, फाटकाजवळ, मी स्टुलावर आणि बाई खुर्चीवर. शपथेचा कागद माझ्याकडूनही भरून घेतला. 'जमेल तेवढं' लिहू दिलं नाही. रोज घरून दहा ओळी लिहून आणायच्या. पोरं जाता-येता ओरडायची, "आबा, होमवर्क झालं का?" मी काठी दाखवायचो.

वर्ष व्हायच्या आत मला सगळं यायला लागलं. हे लिहिलं त्यावरून तुम्हाला कळलंच असेल. एके दिवशी दहाच्या दहा ओळी तपासून बाई म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्हाला माझी गरज नाही. या महिन्याअखेर आपला अभ्यास पुरा झाला." असं म्हणून छत्रीची घडी घालत बसल्या. ती आधीच घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी आठ ओळी नेल्या.

"दोन कुठं आहेत?"

"राहिल्या. नात आली होती."

नात तर भडगावलाच होती. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आता 'खरं बोला' येणार म्हणून मी उभाच राहिलो. पण त्यांनी लाल वही काढली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "आत्माराम. दोन ओळी अपुऱ्या. अभ्यास पुढं चालू." मग डाव्या हाताचा आडोसा करून खाली आणखी काहीतरी लिहिलं. ते वाचलं नाही.

असं चार दिवस झालं. दोन ओळी कमी, वही, हाताचा आडोसा. पाचव्या दिवशी बाई पाणी प्यायला नळावर गेल्या, वही खुर्चीवर. दुसऱ्याचं पाहणार नाही अशी मी सही केलेली आहे, पण ती पेपरापुरती असं धरून मी वही उघडली. आठी घालावी लागली नाही. माझ्या नावाखाली चारही दिवस एकच ओळ होती.

'रूथ साळवे. माहीत असून बोलले नाही.'

मी वही होती तशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सातच ओळी नेल्या.