भिंतीमागच्या माणसाचा गूळ

त्या सकाळी गिरजाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत साबणाचा फेस होता आणि मी तोटी बंद करून खांबासारखा उभा होतो.

"आवं, सोडा की पाणी."

"बिघडली," मी म्हणालो. "आतली वायर जळाली."

"जळो तुमचं त्वांड! फेस सुकाय लागला."

अजून जरा तंगवलं, मग सोडली. हात धुऊन ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आज गूळ न्हाई तुमाला," आणि चुलीकडं गेली.

आता तोटीत वायर कुठली आणि गूळ कशाचा, ते सांगतो.

गिरजा माझी बायको. चौसाळ्याला हायवेवर आमची खानावळ. भाकरी ती थापायची, गल्ल्यावर मी. हात धुताना ती तोटीला बोट लावायची नाही. नळ आला नव्हता तेव्हा मी तांब्यानं तिच्या हातावर पाणी घालायचो, नळ आल्यावर तोटी सोडायचो. अर्धी दाढी झालेली असो की गिऱ्हाईक समोर उभं असो, "आवं, तोटी!" अशी हाक आली की उठायचं. मी गावाला गेलो तर कोपरानं सोडायची, आणि बंद करायच्या आधी तोटीलाच तीन ओंजळी पाण्यानं आंघोळ घालायची.

"कावून गं एवढं?" मी एकदा विचारलं.

"घाण हातानं तोटी सोडायची. हात धुवायचे. आन धुतलेला हात पुन्हा त्याच घाण तोटीला लावायचा. मग धुतलं काय, डोंबल?"

मी चौथी शिकलेला माणूस. हसण्यावारी नेलं.

ड्रायव्हर लोकांनाही ती सोडायची नाही. एकानं ग्रीसच्या हातानं तोटी धरली तर चुलीपुढून ओरडली, "आरं ए दादा, हात धुतूस का तोटीला मलम लावतूस?"

मग पुतण्याचं लग्न निघालं, औरंगाबादला. त्या वर्षांत शहरात रोज काहीतरी नवीन उगवायचं. मुलीकडचे पैशावाले, त्यामुळं लग्न काचेच्या मोठ्या हॉटेलात. जेवणाच्या हॉलबाहेर बेसिनांची रांग, आणि तोट्यांना ना चावी ना दांडी. गिरजानं सवयीनं हात पुढं केले. "आवं, तो..." म्हणेस्तोवर पाणी सुरू! हात मागं घेतले, पाणी बंद.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चार हात लांब, विडा चघळत उभा.

"आवं," ती कानाशी येऊन म्हणाली, "भिंतीमागं माणूस बसवलाय. लई गुणाचा हाय. न सांगता सोडतो, न सांगता बंद करतो. येक थेंब वाया जाऊ देत न्हाई."

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसायचं. त्यामुळं तिला पाणी आल्यापेक्षा ते आपोआप थांबल्याचं जास्त नवल.

मलाही काही कळलं नव्हतं, पण मी म्हणालो, "व्हय, पगारी माणूस हाय."

ती गेली आणि पंगतीतला बुंदीचा लाडू घेऊन आली. बेसिनवर ठेवला, भिंतीला तोंड लावून म्हणाली, "दादा, सकाळधरनं बसलायस. खाऊन घे."

कोट घातलेला वेटर धावत आला. "मावशी, आत कुणी नाही. याला डोळा असतो. हात दिसला की पाणी सोडतो."

हात धुवायला थांबलेले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी. गिरजा हलली नाही. म्हणाली, "डोळा हाय तर भूकबी असंल." लाडू तिथंच ठेवून आली.

घरी आल्यावर एकच धोशा. आपल्या बेसिनला तसली तोटी बसवा. मी म्हणायचो, इथं अर्धा दिवस वीज नसती, तोटी आंधळी हुईल. दिवाळीला बघू. अशा तीन दिवाळ्या गेल्या.

"ऱ्हाऊ द्या मग," ती शेवटी म्हणाली. "तुमीच माझा भिंतीमागचा माणूस." त्या दिवसापासून तिचे हात धुऊन झाले की बेसिनवरच्या फळीवर गुळाचा खडा. माझा पगार. मी मधूनच वायर जळाली म्हणत तोटी 'बिघडवायचो', ती पगार कापायची.

आता हायवेवरच्या पेट्रोल पंपांवरही तसल्या तोट्या आल्यात. मी वापरतो. धुतलेला हात पुन्हा कुठं लावायचा नाही, पाणी सांडायचं नाही. तिचंच बरोबर होतं. तिच्या तोंडावर हे एकदा म्हणायला माझी जीभ झडली नसती.

तर त्या सकाळी तिनं गूळ नाही म्हणून सांगितलं, आणि दुपारी भाकरी थापता थापता बसल्या जागी कलंडली. डॉक्टर येईस्तोवर संपलं होतं. संध्याकाळी माती दिली. लोक काय काय समजावत होते. माझ्या डोक्यात एकच. रुसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, बेसिनपाशी गेलो, सवयीनं तोटी सोडली आणि बाजूला उभा राहिलो. पाणी वाहत राहिलं. खाली हात येईनात.

"आप्पा," मागून भावजय म्हणाली, "पाणी चाललंय."

बंद करायला हात पुढं केला, तेव्हा फळीकडं नजर गेली. गुळाचा खडा. मुंग्या लागलेल्या. तोंडानं नाही म्हणाली होती, आणि मागनं कधीतरी गुपचूप ठेवून गेली होती. मी त्या दिवशी फळीकडं पाहिलंच नव्हतं.

तोटीला तीन ओंजळी पाणी घातलं आणि ती बंद केली. मग एकेक मुंगी फुंकून काढली आणि खडा तोंडात टाकला.