समुद्र बंद ठेवून

रस्ता रुंद करताना घाटात दरड कोसळली, वाहतूक बंद झाली, आणि तेव्हापासून कराडचे लोक रत्नागिरीला जायला अरविंद कोपर्डेकरांच्या संगणकावरचं विमान वापरू लागले.

कोपर्डेकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले होते. ते कालवे वरून कसे दिसतात हे एकदा निवांत बघावं, एवढ्यासाठी त्यांनी विमान उडवायचा खेळ घेतला. मागच्या खोलीत टेबल, संगणक आणि एक खुर्ची मांडली. दुसरी खुर्ची मुद्दामच ठेवली नाही.

पहिले प्रवासी ॲडव्होकेट डुबल. सकाळी बॅग घेऊन आले आणि म्हणाले, "रत्नागिरी कोर्टात काम आहे. तुमचं विमान जातं असं कळलं." कोपर्डेकर नाही म्हणेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातून खुर्ची आणली आणि मागे बसले. विमानाची चाकं धावपट्टीला टेकल्यावर डुबलांनी खोलीच्या बाल्कनीचं दार उघडलं, रत्नागिरीत उतरले, काम करून त्याच दाराने परत आले आणि चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा ढीग पडला.

"अहो, यांना चहा देणं आपल्यावर आहे का?" नलूताईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी कुणालाच बोलावलेलं नाही," कोपर्डेकर म्हणाले.

"ते मला नका सांगू. ते आत बसलेत त्यांना सांगा."

कोपर्डेकरांनी सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पट्टे बांधले.

इथपर्यंत निभलं असतं. अडचण आली ती ग्राफिक्स कार्डाची. संगणकात चित्र काढायचं काम हे कार्ड करतं, आणि कोपर्डेकरांचं कार्ड साधं होतं. चित्र बारकाव्यासकट काढायला सांगितलं की ते हळू काढायचं आणि विमान अडखळायचं. भराभर काढायला सांगितलं की विमान लोण्यासारखं जायचं, पण बारकावे गळायचे. एकटे उडत होते तेव्हा कोपर्डेकर लहर लागेल तसं बदलत. आता तसं करता येईना, कारण ज्या दर्जाचं चित्र लावून विमान उडवावं, त्याच दर्जाची रत्नागिरी प्रवाशांना मिळत होती.

फळांचे व्यापारी शौकत मुल्ला पहिल्यांदा गेले तेव्हा दर्जा खालचा होता. परत आले ते चिडूनच.

"काका, झाडाला पान नाही. हिरवा गोळा आणि त्याला पिवळे ठिपके. भाट्याची खाडी म्हणजे निळी ताडपत्री. बागवाल्याशी भाव ठरवायचा तर त्याला नाकच नाही. नाक नसलेल्या माणसाशी कसं बोलायचं?"

"पेटी तर आणलीत," कोपर्डेकर म्हणाले.

मुल्लांनी पेटी उघडून दाखवली. सगळे आंबे हुबेहूब सारखे होते. प्रत्येकाच्या देठाजवळ एकच डाग होता, तोही एकाच जागी.

"हे गिऱ्हाईकाला काय सांगून विकू?"

म्हणून पुढच्या खेपेला कोपर्डेकरांनी दर्जा वर नेला. समुद्रावर लाटा आल्या, आंब्याला मोहरापासून सगळं आलं. विमान मात्र थोडं जायचं, हवेत थांबायचं, मग पुन्हा थोडं जायचं. दोघांना उलट्या झाल्या. नलूताईंनी बादली आणून ठेवली, कुणालाही काही न बोलता, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

परत आल्यावर डुबलांनी बॅग आपटली. "कोर्टात मी हरकत घ्यायला उठलो. पूर्ण उभा राहीपर्यंत न्यायाधीश जेवायला गेले. कोपर्डेकर, मला निसर्ग नको. न्यायाधीशांना नाक नसलं तरी चालेल. काम वेळेवर झालं पाहिजे."

"आणि माझे आंबे?" मुल्ला म्हणाले.

"तुम्ही आंबे मुकाट खाता, मुल्ला. मला बोलावं लागतं."

कोपर्डेकर एक दिवस बारकावे ठेवू लागले, एक दिवस वेग. त्याने दोघेही रोज नाराज राहू लागले. वेगाच्या दिवशी डुबलांचं काम झटक्यात झालं, पण हातात मिळालेल्या निकालाच्या कागदावर अक्षरं नव्हती, अक्षरांच्या उंचीच्या राखाडी रेघा होत्या. दावा जिंकला की हरला हे त्यांना समजेना. ते म्हणाले, बाकी सगळं खालचं ठेवा, फक्त कागदाचा दर्जा वाढवा. मुल्ला म्हणाले, फक्त झाडांचा. कोपर्डेकरांनी दुकानदाराला मोठं कार्ड आणायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, माल पुण्याहून येतो, बघू.

"मला फक्त कालवे बघायचे होते," कोपर्डेकर नलूताईंना म्हणाले.

"मग बघा की."

"कसे बघू? मागून डुबल सूचना देतात. आज मला विचारत होते, खिडकीची जागा राखून ठेवता येते का."

या सगळ्यात कुंदा थोरवडे कुणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या. त्या शिवणाचे वर्ग चालवत. मागच्या ओळीत बसत, जात, येत, आणि तक्रार करत नसत. एकदा परत आल्यावर त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. बाकीचे चपला शोधत होते. नलूताईंनी जवळ जाऊन पाहिलं तर त्या रडत होत्या.

"काय झालं गं?"

कुंदाताईंनी सांगितलं. त्यांचं माहेर रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. वाडीच्या वरच्या डोंगराला मोठी भेग पडली होती, आणि पावसाआधी घरं सोडा असं सरकारने सांगितलं होतं. शेजारीपाजारी गेले होते. आई एकटीच मागे राहिली होती. वयामुळे तिला ऐकू येत नव्हतं. ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायची.

"मग लिहून दाखवा," डुबल म्हणाले.

"दाखवलं. आई वाचते आणि कागद चुलीत घालते. म्हणते, कागदावर सरकार लिहितं. लेक असशील तर तोंडाने सांग."

"मग सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू, वकीलसाहेब? तुमच्या वेगाच्या दिवशी गेले, तर माझ्या चेहऱ्याला ओठच नव्हते. मी घडाघडा बोलले. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, कोण गं तू, बाई?"

मुल्लांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"आणि आज?" नलूताईंनी विचारलं.

"आज सगळं स्पष्ट होतं. आईच्या गालाला पीठ लागलं होतं, तेसुद्धा दिसलं. मी म्हणाले, आई, चल. पण तोंड 'च'वरच अडकलं. तिला वाटलं, मी चहा म्हणतेय. ती आत गेली, चहा करून आणला. तो पिऊन होईपर्यंत मुल्लाभाई हाका मारायला लागले, विमान निघतंय म्हणून."

"मला काय माहीत, ताई," मुल्ला म्हणाले.

कोपर्डेकर संगणकाकडे वळले आणि सेटिंगची यादी वर-खाली करत बसले. त्यांचा आवाज चिडका होता, पण इतके दिवस होता तसा नव्हता. ते म्हणाले, "दोन्ही होईल. ओठ दिसतील आणि हलतीलही. पण मग कार्डाला दुसरं काहीच काढायला सांगायचं नाही. ढग बंद, सावल्या बंद, झाडं बंद."

"बंद करा," मुल्ला म्हणाले.

"कोर्ट, कचेऱ्या, रस्त्यावरची माणसं. सगळी घरंसुद्धा."

डुबलांनी बॅगेतली डायरी उघडून पाहिली. "दुसऱ्या दाव्याची तारीख उद्याच आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "करा बंद."

"समुद्रही बंद करावा लागेल. समुद्र फार खातो."

"करा हो, काका," मुल्ला म्हणाले. "तसाही ताडपत्रीच होता."

"आणि तुम्ही कुणी यायचं नाही. तुम्हाला काढायलाही ताकद लागते."

डुबलांना हे लागलं, पण त्यांनी बॅग उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी विमानात कोपर्डेकर आणि कुंदाताई दोघंच होते. डुबल आणि मुल्ला उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि नलूताई त्यांच्यामध्ये. विमान वर चढलं तसा पडद्यावर कृष्णेचा काठ गेला, मग शेतं गेली, आणि मग काहीच उरलं नाही. वर राखाडी, खाली राखाडी. घाट नव्हता, त्यामुळे बंद रस्ताही नव्हता. विमानाला पंखही नव्हते, कोपर्डेकरांनी तेही काढून टाकले होते.

"खाली काय आहे ते कळतं का?" नलूताईंनी विचारलं.

"नाही."

"मग उतरणार कसे?"

"आकड्यांवर. आता बोलू नकोस."

उंचीचा आकडा उतरत गेला. धावपट्टी असायला हवी तिथे त्यांनी विमान अंदाजाने खाली नेलं, कारण धावपट्टीही बंदच होती. खुर्च्यांना एक हिसका बसला. कुंदाताईंनी पट्टा सोडला, पदर खोचला आणि बाल्कनीचं दार उघडलं. बाहेर काहीच नव्हतं. त्या गेल्या.

बाकीचे पडद्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्या राखाडी रंगात एक म्हातारी दिसली, जमिनीवर मांडी घालून बसलेली, एवढी स्पष्ट की तिच्या लुगड्याचा विरलेला काठ कळत होता. समोर कुंदाताई बसल्या. त्यांचे ओठ हलू लागले आणि कुठेही अडकले नाहीत. म्हातारी नीट बघत होती. मध्येच तिने काहीतरी विचारलं. कुंदाताईंनी उत्तर दिलं. म्हातारीने मान हलवून नाही म्हटलं. कुंदाताई पुन्हा बोलल्या. त्या खूप बोलल्या.

"कार्ड तापलंय," कोपर्डेकर हळूच म्हणाले. नलूताईंनी टेबलफॅन आणून संगणकाच्या बाजूला लावला.

मग म्हातारीने मागे वळून पाहिलं. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. नंतर गुडघ्यावर हात ठेवून उठली.

दार उघडून दोघी आत आल्या तेव्हा म्हातारीच्या हातात काही नव्हतं. मुल्लांनी खुर्ची पुढे केली. विमान परत कराडला आलं. उतरल्यावर नलूताईंनी पाणी दिलं आणि म्हातारीसमोर येऊन, ओठ दिसतील असं म्हटलं, "आजी, बरं झालं आलात. मन घट्ट करावं लागलं असेल."

"छे गं," म्हातारी म्हणाली. "मी येणारच नव्हते. हिला म्हटलं, घर सोडून कशी येऊ? आणि मागे बघते तर घर नव्हतंच. माड नव्हते, विहीर नव्हती. म्हटलं, हे सगळं आधीच गेलंय, मीच तेवढी राहिलेय. मग आले."

खोलीत सगळे कोपर्डेकरांकडे बघू लागले. ते संगणकासमोरून उठले आणि म्हातारीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"तुम्हीच विमान हाकता ना?" तिने विचारलं.

कोपर्डेकरांनी मान हलवली.

"पाऊस सरल्यावर मला एकदा न्याल? घर दिसेल का तेव्हा?"

"दिसेल," कोपर्डेकर एकेक अक्षर सुटं करून म्हणाले. "पण घर, माड, विहीर सगळं दाखवायचं म्हटलं तर विमान फार अडखळेल, आजी. फार वेळ लागेल."

म्हातारीने त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचले.

"लागू दे," ती म्हणाली. "मी खिडकीपाशी बसेन."