ग्रेडरसाहेब आणि फुकटचा किल्ला

देवमनभाऊ अढाऊ ढिगातली वरची वस्तू कधीच घेत नाहीत. पेपरवाल्याकडे गेले तर गठ्ठ्यातला सहावा पेपर ओढतात. लग्नात ताटल्यांच्या चळतीच्या तळाशी हात घालतात आणि मागची रांग चार पावलं मागे सरकते. देवळात पुजाऱ्याने परातीतला वरचा पेढा हातावर ठेवला तर तो परत करून खालचा मागतात. पुजारी एकदा वैतागून म्हणाला की देवाच्या दारात तरी विश्वास ठेवा. देवमनभाऊ शांतपणे म्हणाले, "देवावर भरोसा हाये. पेढा तं दुकानातून आला ना."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीसेक वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आवारात आली की वरचा कापूस पांढराशुभ्र, बोंडातून आत्ताच काढल्यासारखा. खाली मात्र कधी पाणी मारलेला, कधी पिवळा पडलेला कवडी कापूस, कधी वजनाला चार धोंडे. देवमनभाऊ बाही वर करून कोपरापर्यंत हात आत खुपसत, तळातून मूठभर काढत, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहत आणि मग कापसाची प्रत सांगत. अख्ख्या अकोल्यात त्यांना ग्रेडरसाहेब म्हणतात ते त्यामुळे. "वरून तं सारंच चांगलं दिसते," हे त्यांचं वाक्य तिथलंच. नोकरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण तो हात काही निवृत्त झाला नाही.

आम्ही शेजारी असल्यामुळे तो हात आमच्या घरातही फिरतो. नवा सोफा आणला तेव्हा भाऊ त्यावर बसलेच नाहीत. गादीखाली हात घालून त्यांनी एक वाकडा खिळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मुलीला दहावीला नव्वद टक्के पडले, सगळी कॉलनी पेढे खाऊन गेली, यांनी विचारलं, "सगळ्यात कमी कशात हायेत?" डॉक्टरने रक्तदाब मोजला की दुसरा हात पुढे करतात. मी कॉलेजात लायब्ररियन आहे, पण पुस्तकं सांभाळायला पगार मिळतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून मला मास्तर म्हणतात. मीही आता वाद घालत नाही.

त्यांची बायको, आमच्या इंदूवहिनी, अगदी दुसऱ्या टोकाच्या. भाजीवाली देईल ती जुडी घ्यायच्या, वर तिच्या नातवाची चौकशी करायच्या. माणसं नवऱ्याच्या संशयाने दुखावली की ह्या मागून जाऊन सारवासारव करायच्या. एवढं सगळं हसून निभावलं, पण एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली नाही. ती म्हणजे सहल. पोटी मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, तरी दोघं मिळून कुठे फिरायला म्हणून गेलेच नाहीत. एकदा आम्ही दोन्ही घरांनी पचमढीला जायचं ठरवलं. डबे भरले, जीप दारात उभी राहिली. देवमनभाऊंनी टायरवरून बोट फिरवलं, ड्रायव्हरला समोरच्या पाटीवरचं वाचायला लावलं आणि जीप परत पाठवली. त्या दिवशी आम्ही ते डबे अंगणात सतरंजी टाकून खाल्ले. वहिनी म्हणाल्या, "इथंही हवा चांगलीच हाये." मला त्या दिवशी भाऊंचा रागच आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला होता.

गेल्या फाल्गुनात वहिनी गेल्या. चार दिवसांचं दुखणं.

त्यानंतर नऊ-दहा महिन्यांनी एका सकाळी भाऊ माझ्या ओट्यावर आले. हातात फोन, चेहरा तापलेला. कुठल्याशा तळ्याकाठच्या रिसॉर्टमधून एका मुलीचा फोन आला होता. इंदू देवमन अढाऊ यांना लकी ड्रॉमध्ये बक्षीस लागलं आहे, 'लेक कॅसल' इथे दोघांसाठी एक दिवस, जेवणासकट. भाऊंनी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की ही भानगड केली कोणी. मुलगी म्हणाली की मॅडमनीच कुपन भरलंय, गेल्या वर्षी दिवाळीआधी मैदानावर प्रदर्शन होतं तिथे. मॅडम आता नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, काका, तुम्ही कोणाला तरी घेऊन या.

"त्या परदर्शनात म्याच नेलं होतं तिले," भाऊ म्हणाले. "सारा वेळ माह्या बाजूले होती. मले न सांगता तिनं कुठंच नाव लिहलं नाई कधी. हे कोनीतरी नाव चोरून राह्यलं मास्तर. चाला, कुपन पाह्यतो. खोटं असन तं त्यायले सोडत नाई. अन् खरं असन तं..."

वाक्य तिथेच राहिलं. मला ते पुरं करायची गरज नव्हती. खरं असेल तर बायकोला कुठेतरी जायचं होतं, आणि ते नवऱ्याला सांगण्यापेक्षा तिला अनोळखी माणसाच्या कुपनाच्या डब्यात टाकणं सोपं वाटलं होतं. हे खोटंच निघावं म्हणून भाऊ निघाले होते. मी निघालो ते निम्मा शेजारधर्म म्हणून आणि निम्मा जेवणासाठी, खोटं कशाला बोला.

रिसॉर्टवाले गाडी पाठवत होते. भाऊंनी ती नाकारली, माझी गाडीही नाकारली. अकोटपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो असे आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी पोचलो. एका जुन्या धरणाच्या पाण्याकाठी खरोखरच किल्ला उभा होता. चार बुरूज, दारात साखळ्यांचा पूल आणि पुलाखाली पाणी नसून कुंड्या. मखमली कोट घातलेला पहारेकरी भाला धरून घामाघूम उभा होता. त्याने "पधारो महाराज" म्हणून आमच्या डोक्यावर फेटे ठेवले. भाऊंनी फेटा काढला, उलटा केला, आत पाहिलं आणि त्याच्याच भाल्यावर अडकवला. मग बुरुजापाशी जाऊन त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला.

"पोकळ," ते म्हणाले. ज्या समाधानाने म्हणाले त्यावरून दिवस चांगला जाणार असं मला वाटलं.

सरबताचे पेले आले तर मागच्या रांगेतला घेतला. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या होत्या. मला बसायचं होतं. भाऊंनी आधी खडा टाकून खोली पाहिली, मग होडीवाल्याकडून लाइफ जॅकेट मागून घेतलं आणि ते एकटंच पाण्यात सोडून दिलं. ते तरंगलं. तरी भाऊ काठावर उभे राहून ते किती वेळ तरंगतं हे पाहत राहिले. होडीवाल्याला दुसरी गिऱ्हाइकं होती, त्याने काठीने जॅकेट ओढून घेतलं आणि माझी हंसातली सफर राहिली ती राहिलीच.

मग खरा कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या हॉलमध्ये गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक टाय लावलेला माणूस. मेंबरशिप घ्या, दर वर्षी किल्ल्यात राहा. कोणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्या टेबलाशी फोनवाली मुलगीच आली. सना तिचं नाव, बाळापूरची.

"बाळापूरची?" भाऊंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मंग खरा किल्ला पाह्यला असन तू."

"रोज शाळेत जातानी दिसे काका," ती हळूच म्हणाली आणि इकडेतिकडे बघून पुन्हा शुद्ध मराठीत मेंबरशिपचे फायदे सांगायला लागली. भाऊंनी तिला थांबवलं. आधी कुपन दाखव, मग बाकीचं. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, कुपनं नागपूरच्या ऑफिसात असतात. भाऊंनी विचारलं, मग इथून फोन कशावरून केला? मॅनेजर म्हणाला, कॉम्प्युटरवरून. भाऊ म्हणाले, कॉम्प्युटरला कोणी सांगितलं? असं बराच वेळ चाललं. घंटा वाजली, टाळ्या झाल्या, भाऊंचा आवाज चढला, दोन जोडपी आपल्या खुर्च्या वळवून आमच्याकडेच पाहायला लागली. त्यांनाही आपलं कुपन पाहावंसं वाटायला लागल्याचं बघून मॅनेजर घाबरला. जेवणाची सुट्टी जाहीर झाली.

मी जेवायला उठलो. पनीर होतं, गुलाबजाम होते. भाऊ उठले नाहीत. मला एकट्याने वाढून घ्यायला लाज वाटली, म्हणून मीही बसून राहिलो, आणि तेवढ्यात सना मागच्या दाराने एक खोकं घेऊन आली.

"साहेब जेवून राह्यले तोवर पाहून घ्या," ती म्हणाली.

खोकं कुपनांनी गच्च भरलेलं होतं. भाऊंनी बाही वर केली. त्यांनी हात तळापर्यंत घातला, मूठभर कागद काढले, एकेक वाचून बाजूला ठेवला. पुन्हा घातला. कॉलनीतल्या, बाजारातल्या, कुठल्या कुठल्या माणसांची नावं निघत होती. प्रत्येक मुठीनंतर भाऊंचा चेहरा जरा उजळत होता. नाहीच आहे म्हणून. सनाने बक्षीसवाल्यांचा रबर लावलेला गठ्ठा खोक्यात वरूनच उचलला, रबर सोडवलं आणि पहिलाच कागद टेबलावर ठेवला.

"काका, हे वरच होतं."

भाऊंनी कागद जवळ ओढला. मोबाईल नंबरावर त्यांचं बोट थांबलं. "हा सात तिचाच हाये," ते म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं. प्रदर्शनात एक गादीवाला होता, शंभर टक्के कापूस म्हणत होता. गादीची शिवण उसवून दाखव म्हणून भाऊ त्याच्याशी अर्धा तास भांडत होते. वहिनी बाजूलाच होत्या, पण पुढच्या स्टॉलला टेकून. "अर्धा तास म्या मांगं वळून पाह्यलंच नाई," ते मला म्हणाले.

मी कागदावर वाकलो. नाव, वय, पत्ता. खाली छापलेला प्रश्न होता, गेल्या वर्षभरात आपण कुठे फिरायला गेला होता का? कोणासोबत? रेघेवर वहिनींनी लिहिलं होतं, 'चिखलदरा. मिस्टरांसोबत. दोन दिवस.' आणि पुढे, पुन्हा जायला आवडेल का, याच्यापुढे 'हो'.

मी भाऊंकडे पाहायचं टाळलं. माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूतलं खोटं शोधून काढावं आणि शेवटी ते सापडावं बायकोच्या अक्षरात, तेही नवऱ्याची लाज राखण्यासाठी लिहिलेलं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि वहिनींचा अभिमानही वाटला. बिचारीने लोकांपुढे यांना दोन दिवस चिखलदऱ्याला नेऊन आणलं होतं.

सनाने तेच वाचलं. तिला काही माहीत असायचं कारण नव्हतं. "अरे वा, चिखलदऱ्याला गेले होते का काका? कसं वाटलं होतं मॅडमला?"

मी मधे काहीतरी बोलणार होतो. भाऊंनी हात वर केला.

"चांगलं वाटलं," ते म्हणाले. "धुकं होतं बेटा. समोरचं मानूस दिसत नव्हतं. तिले थंडी वाजली तं म्या तिथंच शाल घेऊन देल्ली. हिरवी. नको नको म्हने, पन घेतली." मग कागदाकडे बघत, "दोन दिवस पुरले नाईत तिले."

सना हसली, म्हणाली, किती छान. कागदाच्या तळाशी 'वरील माहिती खरी आहे' अशी ओळ होती आणि सहीची जागा रिकामी होती. नियमाप्रमाणे सही लागते, काका तुम्हीच करा, असं ती म्हणाली. भाऊंनी पेन घेतलं आणि सही केली.

मॅनेजर जेवून आला, म्हणाला, झालं ना समाधान, आता मेंबरशिपचं बोलू. भाऊ उठत म्हणाले, "तुमचा किल्ला पोकळ हाये. कुपन खरं निंगलं." कुपन घेऊन जाऊ का, असं त्यांनी सनाला फार हळू आवाजात विचारलं. तिने मॅनेजरकडे पाठ करून ते त्यांच्या खिशात सरकवलं. तिच्या नोकरीच्या दृष्टीने हे बरोबर नव्हतं, पण त्या वेळी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

परतीची एसटी रिकामीच होती. अकोट मागे पडलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या दिसत होत्या. भाऊ खिडकीशी बसले होते. मला वाटलं झोपले. तर ते मान न वळवता म्हणाले, "मास्तर, तुमी गेले ना चिखलदऱ्याले?"

दोनदा गेलो, मी म्हणालो.

"धुकं असते ना तिथं?"

"असतं भाऊ. पावसाळ्यात तर दिवसभर असतं."

"अन् थंडी?"

"चांगलीच असते."

"शाल भेटते तिथं?"

मला आठवत नव्हतं. दुकानं होती, मध होता, शाल मी पाहिली नव्हती. "भेटते," मी म्हणालो.

भाऊंनी खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. "मंग बरोबरच सांगतलं म्या."